सात वाजून अकरा मिनिटांची रिंग

१

बुधवारी सकाळी सात वाजून अकरा मिनिटांनी घड्याळजींची रिंग आली. आमच्या रजिस्टरात तशी नोंद आहे, निळ्या शाईत, नीटस अक्षरात. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे त्या वेळी घड्याळजींना जाऊन पंधरा तास झाले होते.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या एकट्या म्हाताऱ्याचं दार गुरुवारी दुपारी फोडावं लागलं. मोरी आणि खोली यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ते पडले होते. सोमवारी संध्याकाळी चक्कर येऊन पडले, खुबा मोडला, उठता आलं नाही आणि मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला संपले. पोलिसांनी अपघात म्हणून कागद मिटवला. आमचा प्रश्न मात्र तिथून सुरू झाला, कारण असं कुणाचं होऊ नये एवढ्यासाठीच आमचा क्लब होता.

क्लबचं काम सांगायला सोपं आहे. एकट्या राहणाऱ्या बेचाळीस म्हाताऱ्या माणसांची आमच्याकडे यादी. रोज सकाळी सात ते आठच्या दरम्यान प्रत्येकानं क्लबच्या फोनवर एक रिंग द्यायची आणि ठेवून द्यायची. ड्यूटीवरचा सभासद फोनच्या काचेतला नंबर बघून रजिस्टरात वेळ लिहितो. आठपर्यंत रिंग आली नाही तर आपण फोन करायचा, आणि तो उचलला नाही तर कुणीतरी लगेच स्कूटर काढायची. नऊच्या आत माणूस दारात.

मी या क्लबात आले त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. नोकरीत असताना मी वजनमाप निरीक्षक होते. एकतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले. निवृत्त झाल्यावर तपासायला घरात एकटी मुलगीच उरली. महिनाभर तिनं सोसलं आणि मग म्हणाली, "आई, माझ्या चुका काढण्यापेक्षा कुठेतरी समाजसेवा कर." मी गेले. तिथेही पहिल्या आठवड्यात चुका सापडल्याच. लोक रिंग द्यायला विसरत, आमची माणसं उगाच धावत सुटत, आणि म्हातारे दारात आरामात दात घासत उभे. यादीत जागा मिळावी म्हणून बाहेर सतरा जण ताटकळत होते. तीन महिने हे बघून मी नियम सुचवला: तीनदा रिंग चुकली की नाव कमी, आधीच्या चुका धरून. सभेत तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. तेव्हापासून दोन महिन्यांत एकही रिंग चुकली नव्हती. त्याचा मला केवढा अभिमान होता, हे आता लिहितानाही लाज वाटते.

गुरुवारी संध्याकाळी अध्यक्षांनी मला त्यांच्या दवाखान्यात बोलावलं. ते दातांचे डॉक्टर. रोग्याच्या खुर्चीत मला बसवलं आणि समोर रजिस्टर ठेवलं.

"मंगळवार ते गुरुवार, तिन्ही दिवस ड्यूटी शिंपीणबाईंची होती," ते म्हणाले. "अकरा वर्षांची जुनी सभासद. पण मेलेला माणूस फोन करत नाही. त्यांनी न बघता वेळ टाकली, दुसरं काय? घड्याळजींचा पुतण्या तर संतापलाय. रविवारच्या सभेत त्यांना काढावं लागणार. तुम्ही तेवढी चौकशी करून कागदावर आणा."

"चौकशी करायची की कागदावर आणायचं?" मी विचारलं.

"एकच की," अध्यक्ष म्हणाले.

मलाही तेव्हा ते एकच वाटलं होतं.

२

शिंपीणबाईंचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. कपडे शिवण्यापेक्षा सैल करणं, आवळणं, चेन बदलणं असली कामं जास्त. मी गेले तेव्हा त्या एका पँटची उसवलेली मांडी शिवत होत्या. मशीन थांबवलं नाही.

"या निरीक्षकबाई. माप घ्यायला आलात वाटतं."

"मंगळवार ते गुरुवार घड्याळजींची रिंग आली होती?"

"आली होती."

"तुम्ही स्वतः बघितलीत?"

"नाही, शेजारणीला विचारून लिहिली!" त्यांनी दोरा दातांनी तोडला. "बाई, बेचाळीसच्या बेचाळीस नंबर मला पाठ आहेत. मंगळवारी सात अकरा, बुधवारी सात अकरा, आज गुरुवारीही सात अकरा. त्यांचाच नंबर होता."

"फोनमध्ये आहे का तो अजून?"

"तो डबडा फोन शेवटचे वीस नंबर ठेवतो. बेचाळीस रिंगा झाल्यावर काय राहणार त्यात?"

म्हणजे पुरावा काही नव्हता. अशी उत्तरं मी आयुष्यभर ऐकली आहेत. वजन कमी भरलं की दुकानदार म्हणतो, काल बरोबर होतं. मी माझ्या वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, "माणूस थकतो. सकाळी डुलकी लागते. रोजची रिंग येतेच म्हणून हात आपोआप वेळ लिहितो. तसं झालं असेल तर मान्य करा, मी सौम्य शब्दांत लिहीन."

मशीन थांबलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. डोळे सुजलेले होते.

"घड्याळजी माझ्या लग्नाला होते. ह्या मशीनचा पट्टा तुटायचा तेव्हा ते बसवून द्यायचे. मंगळवारी दिवसभर ते तिथे पडून होते आणि मी इथे बसून लोकांच्या चेनी बसवत होते. हे माझ्या मनातून मरेपर्यंत जायचं नाही. पण न बघता मी वेळ लिहिली, असं मी म्हणणार नाही. मग काढा मला. गिऱ्हाईकं आत्ताच विचारायला लागलीत, त्या क्लबवाल्या तुम्हीच का म्हणून."

मी उठले. दारापर्यंत गेल्यावर त्या मागून म्हणाल्या, "मला एवढे प्रश्न विचारलेत. त्यांचा फोन कुठे आहे, ते कुणाला विचारलंत का?"

कुणालाच विचारलं नव्हतं.

३

शुक्रवारी सकाळी पुतण्यानं मला घड्याळजींची खोली उघडून दिली. चाळिशीचा, घामेजलेला, सारखा रुमाल शोधणारा माणूस. छापखान्यात कामाला. सोमवार ते गुरुवार तो परगावी कागद आणायला गेला होता.

भिंतीवर अठरा घड्याळं होती आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नव्हती. घड्याळजींची ही जुनी गंमत. दुसऱ्यांची घड्याळं मिनिटाला मिनिट लावून द्यायचे आणि स्वतः कुठेही वेळेवर पोचायचे नाहीत. बहुतेक घड्याळं आता बंद पडली होती. चावी देणारा हात गेल्यावर ती तरी काय करणार.

"फोन?" मी विचारलं.

"नाही सापडला. मी लावून बघितला, बंद येतोय. चोरीला गेला असणार. दार फोडलं त्या गडबडीत दहा लोक आत आले होते."

मी खोली बघत फिरले. टेबलावर भिंग, चिमटे, बारीक पेचकस जागच्या जागी. खाटेशेजारी भिंतीत प्लगची जागा होती, तिच्यावर धूळ बसली होती. मी खण उघडले, उशीखाली बघितलं.

"चार्जर कुठाय?"

पुतण्यानं खांदे उडवले. मी विचारात पडले. चोर फोन उचलतो आणि पळतो. चार्जर शोधत बसत नाही. फोन आणि चार्जर दोन्ही तोच नेतो, ज्याला तो फोन रोज वापरायचा आहे. प्लगवरची धूळ तर चार दिवसांची नव्हतीच.

"काकांशी तुमचं बोलणं कधी व्हायचं?"

"संध्याकाळी. तेच करायचे, सहा-साडेसहाला. आधी मी दुपारी करायचो तर उचलायचे. गेले दोन महिने उचलायचेच नाहीत. मी रागावलो तर म्हणाले, ऐकू येत नाही." त्याला अखेर रुमाल सापडला. "खरं सांगतो बाई, मला त्यांना वृद्धाश्रमात ठेवायचं होतं. तीन जिने, चक्कर, एकटे. ते ऐकेनात. म्हणाले, क्लबच्या यादीत मी आहे, माझी रोज हजेरी घेतात, तुला कसली काळजी? मी म्हटलं ठीक, यादीत आहात तोवर राहा. ज्या दिवशी क्लब तुमचं नाव काढेल त्या दिवशी मी गाडी घेऊन येईन." तो खाटेवर बसला. "तुमच्या भरवशावर राहिलो हो मी."

 नजर चुकवायला मी दाराकडे बघितलं. तिथे त्यांचे बाहेरचे बूट होते. उचलले, तर एका बुटात कोळ्यानं जाळं विणलेलं.

"काका फिरायला जायचे का?"

"रोज जातो म्हणायचे. संध्याकाळी."

"काय घालून?"

"म्हणजे?"

मी तो बूट त्याच्यापुढे धरला.

४

दुसऱ्या मजल्यावर, घड्याळजींच्या बरोबर खाली, शिकवणीवाले मास्तर राहत. गणिताच्या शिकवण्या घेत आणि वरच्या टोल्यांवरून घड्याळजींशी त्यांचं वैर होतं. दर तासाला अठरा घड्याळं मागेपुढे वाजणार, आणि खाली मुलं बेरीज चुकणार. दोनदा त्यांनी लेखी तक्रारही केली होती. दार फोडायला लावलं तेही त्यांनीच.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

मास्तर फळा पुसत राहिले. फळ्यावर काही नव्हतं.

"आवाज थांबले. बुधवारपासून एकेक घड्याळ गप्प होत गेलं. गुरुवारी सकाळी अगदी शांत." त्यांनी फडकं झटकलं. "खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हटलं, म्हाताऱ्याला अखेर दया आली. दुपारी जेवताना एकदम घास अडकला, की हा माणूस असं कधी करणार नाही."

"सोमवारी काही ऐकलंत?"

"ऐकलं की. काहीतरी धाडकन पडलं. सातच्या पुढे. मला वाटलं, घड्याळ पडलं. एखादं कमी झालं." त्यांनी फडकं खाली ठेवलं. "मी वर जाऊन बघितलं असतं तर, हे म्हणू नका. मी ते कालपासून म्हणतोच आहे."

मी म्हटलं नाही. मी जिन्याबद्दल विचारलं. जिना मास्तरांच्या दाराला लागूनच होता, आणि घड्याळजींच्या काठीचा आवाज त्यांना पाठ होता.

"रोज सहाला उतरायचे, सातला चढायचे. दोन महिने झाले असतील हे सुरू होऊन. सोमवारी लवकर परतले, दहा-पंधरा मिनिटांत. आणि काठी अशी आपटत, जणू जिन्याशी भांडण. मंगळवारी उतरलेच नाहीत."

"आणि पायात?"

"सपाता. फटक फटक वाजायच्या. मी म्हणायचो, हा माणूस सपाता घालून फिरायला जातो तरी कुठे?"

सपाता घालून माणूस रस्त्यावर जात नाही. तो इमारतीतच राहतो. मी जिना उतरायला लागले. पहिल्या मजल्यावर दोन्ही दारांना कुलूप, तिथले भाडेकरू कधीचे सोडून गेलेले. तळमजल्यावर एका बाजूला पाण्याचा पंप. दुसऱ्या बाजूला एकच दार, त्यावर आमच्या क्लबचा गोल स्टिकर.

ते दार मला माहीत होतं. ते आमच्या यादीतलंच होतं.

५

मी दार वाजवलं नाही. आधी क्लबात गेले आणि रजिस्टर काढलं. तराजू खोटा आहे असं वाटलं तरी तोलून बघितल्याशिवाय बोलायचं नाही, ही माझी सवय.

तळमजल्यावर सिस्टर राहत. पस्तीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स, आता दोन्ही गुडघे निकामी. खुर्ची धरून घरातल्या घरात चालत, जिना म्हणाल तर एक पायरीही नाही. त्यांची रिंग रोज सात दहाला. वॉर्डातली शिस्त, एक मिनिट इकडेतिकडे नाही.

घड्याळजींच्या जुन्या वेळा बघितल्या. सात बेचाळीस. सात वीस. सात अठ्ठावन्न. मग एक चूक, मग सात पन्नास, मग दुसरी चूक. त्यानंतर माझा नियम आला. आणि दुसऱ्या दिवसापासून सात अकरा. सात अकरा. सात अकरा. अठ्ठावन्न दिवस.

जन्मात कधी वेळेवर न पोचलेला माणूस एका रात्रीत असा सुधारला, आणि मला शंका आली नाही. उलट मासिक सभेत मी त्यांचं नाव घेऊन उदाहरण दिलं होतं. बघा, नियम केला की माणसं सुधारतात. टाळ्याही पडल्या होत्या.

शनिवारी सकाळी मी सिस्टरांकडे गेले. त्यांनी दार उघडलं, माझ्या हातातलं रजिस्टर बघितलं आणि काही न विचारता आतल्या फळीकडे बोट केलं. डब्यांच्या शेजारी दोन फोन होते. एक त्यांचा. दुसरा बंद केलेला, त्याला चार्जर गुंडाळलेला.

"गुरुवारी वर माणसं गेली तेव्हा बंद केला," त्या म्हणाल्या. "त्याआधी नाही."

"कधीपासून तुमच्याकडे होता?"

"तुमचा नियम आला तेव्हापासून. त्यांना रात्रीची गोळी होती, सकाळी गुंगी उतरायची नाही. दोन चुका झाल्या होत्या. तिसरी झाली तर नाव जाणार, आणि नाव गेलं की पुतण्या नेणार. फार घाबरले होते. मीच म्हटलं, द्या इकडे फोन, मी माझ्याबरोबर तुमचीही रिंग देईन. संध्याकाळी खाली यायचे, पुतण्याला फोन करायचे, तासभर बसायचे."

"आणि सोमवारी?"

सिस्टर खुर्चीच्या पाठीला धरून उभ्याच होत्या.

"चक्कर येते म्हणाले. मी रागावले. उद्याच्या उद्या इस्पितळात जा म्हटलं. ते म्हणाले, मी तुझ्या वॉर्डातला रोगी नाही. मी म्हटलं, मग इथे येत जाऊ नका. गेले तणतणत. मंगळवारी आले नाहीत. मला वाटलं, रुसलाय. रुसू दे. पण म्हणून नाव कशाला जाऊ द्यायचं त्याचं? मी रिंग दिली. बुधवारी आणि गुरुवारीही दिली." त्यांनी गुडघ्यांकडे बघितलं. "मला वर जाता येत नाही हो. कुणाला पाठवलं असतं तर मीच हरले असं झालं असतं."

मी रजिस्टर मिटलं. एक गोष्ट मी येताना ठरवून आले होते.

"कधी गेला तो?" त्यांनी विचारलं.

"सोमवारीच. पडल्या पडल्या. काही कळलंही नसेल त्यांना."

सिस्टरांनी नकारार्थी मान हलवली.

"खुबा मोडला होता ना? बायका बोलत होत्या बाहेर. खुब्यानं माणूस पडल्या पडल्या जात नाही, बाई. मी अशी शंभर माणसं उचलली आहेत. मंगळवारी सकाळी होता ना तो?"

एकतीस वर्षांत मला खोटं बोलायची वेळ आली नव्हती, आणि आली तेव्हा जमलं नाही.

"होता," मी म्हणाले.

त्या हळूहळू खुर्चीत बसल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "शिंपीणबाईंवर आळ आलाय म्हणतात. उद्या सभेत माझं नाव घ्या. त्यांची मुळीच चूक नाही." मग त्यांनी फळीवरचा तो फोन मागितला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. 

६

रविवारी दहाला सभा. मी आठलाच क्लबात जाऊन बसले, कारण शनिवारपासून एक विचार मला सोडत नव्हता. घड्याळजींना जे सुचलं ते आणखी कुणाला सुचलं नसेल कशावरून? नियमाआधीचे दोन महिने आणि नंतरचे दोन महिने, अशी पानं मी शेजारी शेजारी लावली आणि बघत गेले.

सात चार आणि सात चार. एकाच गल्लीतले दोघे. सात बावीस, सात बावीस, सात तेवीस. एकाच इमारतीतल्या तिघी. आधी ज्यांच्या वेळा कुठच्या कुठे असायच्या, त्या आता एकमेकींना चिकटून येत होत्या. मी मोजत गेले. बेचाळीसपैकी एकोणीस.

दोन महिने एकही चूक नाही, म्हणून मी मिरवत होते. खरं तर यादीतले जवळजवळ निम्मे म्हातारे कुठे कसे आहेत ते आम्हाला माहीतच नव्हतं.

सभेत मी सगळं क्रमानं सांगितलं: फोन, चार्जर, बूट, सपाता, सात अकरा. शिंपीणबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. मी म्हणाले, "त्यांनी बघितलं तेच लिहिलं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, याची मी सगळ्यांदेखत माफी मागते." त्यांनी मान हलवली नाही, की वर बघितलं नाही.

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर मात्र सुटकेचा भाव आला. "म्हणजे क्लबची चूक नाहीच. सिस्टरांनी नियम मोडला. वाईट झालं, पण आपण काय करणार? इतिवृत्तात तसं लिहा."

"सिस्टरांनी मोडला नाही. मी केला तो नियम," मी म्हणाले. "मंगळवारी रिंग आली नसती तर शिंपीणबाईंनी आठला फोन लावला असता. नऊला कुणीतरी दारात असतं. घड्याळजी तेव्हा जिवंत होते. ते लिहा."

"अहो, नियम चांगलाच होता! माणसं किती वेळेवर झाली."

मी एकोणीस नावांचा कागद टेबलावर ठेवला आणि तो काय आहे ते सांगितलं.  एक खुर्ची मागे सरकली. शिंपीणबाई पुढे आल्या, कागद उचलला, मधोमध फाडला आणि अर्धा माझ्या हातात दिला.

"चला," त्या म्हणाल्या. "सभा नंतर होईल."

सभा उठली. ज्याच्याकडे जे वाहन होतं ते निघालं. शिंपीणबाईंच्या स्कूटरवर मी मागे बसले. वाटेत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि बोलाव्यात अशी अपेक्षा करायचं तोंड मला नव्हतं. पहिल्या घरी आजी भांडी घासत होत्या. दुसऱ्या घरी जावई आलेला होता. तिसऱ्या घरचे गृहस्थ रेडिओ लावून झोपले होते आणि आम्ही दार बडवलं म्हणून चिडले. प्रत्येक दार उघडलं की शिंपीणबाई श्वास सोडायच्या, तो मला मागे ऐकू यायचा.

चौथं घर निवृत्त पोस्टमनचं. ऐंशीच्या पुढचे, एकटे, एका खोलीत. दार उघडायला वेळ लागला. शिंपीणबाईंना बघून ते हसले. मग त्यांना मागे उभी असलेली मी दिसले.

हसू तिथल्या तिथे विरलं. त्यांनी चटकन सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि सरळ उभे राहिले, साहेब तपासणीला आल्यावर उभं राहावं तसे.

"बाई, मी रोज रिंग देतो हो," ते म्हणाले. "स्वतः देतो. एकदाही चुकलो नाही. तुमच्या पुस्तकात बघा."

"आजोबा, आम्ही त्यासाठी नाही आलो," शिंपीणबाई म्हणाल्या.

त्यांचं लक्ष माझ्याकडेच होतं. हात जोडले गेले होते. "फोन आतच आहे. दाखवू का? जरा शोधावा लागेल. पण नाव काढू नका. मला आता दुसरं कोण आहे?"

फोन आत नव्हता. तो दोन घरं पलीकडे होता, हे मला रजिस्टरावरून ठाऊक होतं. नियम रद्द होईल, चूक माझी होती, आता तुम्ही आठला उठा नाहीतर दहाला उठा, असं कितीतरी मला त्यांना सांगायचं होतं. पण त्यांच्या त्या जोडलेल्या हातांपुढे मला एवढंच विचारता आलं, "तुम्ही बरे आहात ना?"

"अगदी बरा आहे," ते घाईघाईनं म्हणाले, आणि मी आणखी काय तपासणार याची वाट बघत उभे राहिले.